वेणी कापायला सांगण्याआधी

प्रति,
बेळगाव आणि चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्यांतील मराठी शाळांचे मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक, तसेच सीमाभागातील तालमी व क्रीडा मंडळांचे पदाधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू होऊन महिना उलटला की तालुका पातळीच्या स्पर्धांचे वेध लागतात, मागोमाग दसरा क्रीडाकूट, म्हणजे दसऱ्याच्या क्रीडास्पर्धा, येतात. मैदानावर मुली दिसू लागतात आणि त्यांच्या केसांवर तीन बाजूंनी हुकूम सुटतात. मैदानावर सांगतात, "खेळायचंय ना? मग आधी केस काप." घरी सांगतात, "केस कापलेस तर उंबरा ओलांडू नकोस." शाळेचा गणवेश तिसरंच सांगतो: दोन वेण्या, दुमडून वर बांधलेल्या, रिबिनीसकट, खेळाच्या तासालाही. तिघांचं ऐकायचं म्हटलं तर मुलीनं डोकं घरीच ठेवून यावं लागेल.

आम्ही मुलींना सायकल, कुस्ती आणि मैदानी खेळ शिकवणारी माणसं आहोत. म्हणणं थोडक्यात असं: केस किती लांब आहेत हे विचारू नका, ते कसे बांधलेत ते बघा. कबड्डी, कुस्ती, सायकलिंग यांपैकी कुठल्याच खेळाच्या नियमांत केसांच्या लांबीचं माप नाही. जे नियमांत नाही ते आपण आपल्या सोयीसाठी, किंवा "शिस्त" या नावाखाली, मुलींवर लादतो आहोत.

सायकलपासून सुरुवात करतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलामुलींना सायकली देण्याची योजना कर्नाटकात २००६-०७ साली आली, आणि खानापूर तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांवरच्या मुली तेव्हापासून सायकलवर बसल्या. शर्यतीत हेल्मेट लागतंच. आंतरराष्ट्रीय रस्ता शर्यतींत ते २००३ पासून सक्तीचं आहे. पण हेल्मेट आणि केस यांचं गणित कुणी शिकवत नाही.

हेल्मेटच्या आत मागच्या बाजूला एक पट्टा असतो आणि तो आवळायला फिरवायची चकती असते. ही चकती कवटीच्या मागच्या उंचवट्याच्या जरा खाली बसायला हवी. अंबाड्याची जागाही नेमकी तीच. अंबाडा तिथे असला की पट्टा वर चढतो आणि हेल्मेट पुढे, डोळ्यांवर येतं. मग मुलगी काय करते, तर ते मागे ढकलून घालते. समोरून दिसतं छान, पण कपाळ पूर्ण उघडं पडतं, आणि हँडलवरून पुढे पडणारी मुलगी बहुधा कपाळावरच आपटते. उंच पोनी बांधली तर हेल्मेट उंचवट्यावर डुगडुगतं, लहान पातेल्यावर मोठं झाकण ठेवावं तसं. गणवेशाच्या दुमडलेल्या दोन वेण्या तर सगळ्यांत वाईट. कानामागे वेण्यांचे दोन जाड फुगे येतात आणि हेल्मेटच्या बाजूच्या पट्ट्या नेमक्या तिथूनच कानाभोवती इंग्रजी व्ही आकारात यायच्या असतात. फुगा पट्टीला पुढे ढकलतो, पट्टी कान कापते, मुलगी पट्टी सैल सोडते. पट्टी सैल सोडलेलं हेल्मेट पडताना डोक्याआधी रस्त्यावर पोचतं.

उपाय सोपा आहे आणि सवय झाली की चार मिनिटांचा आहे. केस मागे विंचरून मानेच्या खळगीत, केसांच्या रेषेपाशी, एकत्र धरायचे. तिथे कापडी रबर लावायचा, दोनच वेढे, फार आवळायचा नाही. खाली साधी तीनपेडी वेणी, टोकाला चारपाच सें.मी. सोडून दुसरा रबर. केस कमरेपर्यंत असतील तर वेणीच्या मध्यावर तिसरा. मग चकती पूर्ण सैल करून हेल्मेट घालायचं. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, त्याहून वर नाही. चकती वेणीच्या वर आली पाहिजे, वेणीवर नव्हे. चकती आवळायची आणि हनुवटीखालचा पट्टा शेवटी लावायचा, एक बोट आत जाईल इतका. वेणी टी-शर्टच्या आत, पाठीवर सोडायची. दोन वेण्याच हव्यात असा घरचा आग्रह असेल तर त्याही चालतात, फक्त दोन्ही कानामागे खाली सुरू व्हायला हव्यात, न दुमडता, आणि हेल्मेटच्या पट्ट्यांच्या मागून जायला हव्यात.

नीट बसलं की नाही हे बघायला तीन गोष्टी पुरतात. तळहातानं पुढची कड वर ढकलून बघा. कपाळ उघडं पडलं तर चकती सैल आहे किंवा केसांची गाठ वर आहे. मागची कड वर ढकलून बघा. हेल्मेट डोळ्यांवर आलं तर मागच्या पट्ट्या लांब राहिल्यात. मग मुलीला जांभई दिल्यासारखं तोंड उघडायला सांगा. हेल्मेट टाळूवर दाबलं गेल्यासारखं तिला वाटायला हवं. हे सगळं ज्या दिवशी जशी वेणी असेल तशीच ठेवून करायचं. तेल लावून चापून बसवलेले केस आणि रविवारी न्हालेले फुगलेले केस यांत चकतीच्या अर्ध्या फेऱ्याचा तरी फरक पडतो. हेल्मेट विकत घेतानाही मुलीला दुकानात न्या. मापाची टेप भुवयांच्या वर दोन सें.मी.वरून फिरवून घेर मोजा आणि वेणी घातलेली असताना घालून बघा. आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी असं सुरक्षा मानकाचं लेबल आहे का तेही बघून घ्या. मागच्या पट्ट्याखाली मोकळी जागा सोडलेली हेल्मेटं मिळतात, त्यातून पोनी सहज बाहेर येते. मंडळानं नवी घेताना तशीच घ्यावीत.

क्लचर, टिकटॉक क्लिपा, काळे पिन, मोत्याचे चाप: हेल्मेटखाली यांतलं एकही चालणार नाही. पडल्यावर हेल्मेट आपलं काम करतं, पण त्याच्या आणि डोक्याच्या मध्ये असलेला क्लचरचा दात सगळा मार एका ठिपक्यावर नेतो. हे एवढं सांगितलं तरी मुली स्वतःहून क्लिपा काढतात, ओरडावं लागत नाही. रिबीन सॅटिनची असते, ती घसरते आणि पाचव्या किलोमीटरला सुटून चेहऱ्यावर फडफडते. पोस्टाच्या गठ्ठ्याला लावतात तो उघडा रबर केस तोडतो. कापड गुंडाळलेला रबर घ्यावा, दहा-वीस रुपयांत पाकीट मिळतं.

आणखी एक अपघात आहे, जो चालत्या सायकलवर होत नाही. चेन पडलेली असते. मुलगी उजव्या बाजूला वाकते, मागचं चाक उचलते, एका हातानं पायडल फिरवते, दुसऱ्या हातानं चेन दात्यांवर बसवते. डोकं चेनच्या वर आणि वेणी खांद्यावरून घसरून पुढे. पायडल पुढे फिरलं की चेनची वरची बाजू पुढच्या मोठ्या चक्रावर चढते आणि वेणीचं टोक तिच्याखाली अडकतं. घाबरून डोकं मागे ओढलं की केस मुळापासून उपटतात. ओढायचं नाही. डोकं चेनच्या जवळ तसंच ठेवायचं, पायडल हळूच मागे अर्धा फेरा फिरवायचं, अडकलेलं बहुतेक परत येतं. नाहीच आलं तर कात्रीनं टोकाचे केस कापावेत. म्हणून वेणी टी-शर्टच्या आत, चेन बसवताना तर नक्कीच. आणि वेणीवर इतकं बोलणाऱ्यांनी ओढणीकडेही बघावं. मागच्या चाकाच्या तारांत ओढणी वेणीपेक्षा कितीतरी सहज जाते. सायकलवर ओढणी एकतर कमरेला दोन्ही टोकं गाठून, नाहीतर दप्तरात. गणवेशाचा नियम शाळेच्या दारापासून लागू होतो असं एक परिपत्रक काढलंत तर कुणाचंही काही बिघडणार नाही.

आता वाऱ्याचा मुद्दा. "लांब केसांना वारा लागतो, वेग कमी होतो," हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की त्यावर एक प्रश्न विचारावासा वाटतो: मुलीच्या सायकलचे ब्रेक शू चाकाला घासतायत का, टायरमध्ये हवा किती आहे, सीट पोटरीला पेटके येतील इतकी खाली आहे का, हे बघितलं का? शालेय शर्यतीत वेळ तिथे जाते. बांधून टी-शर्टात टाकलेल्या वेणीला वारा कुठला लागणार? अमेरिकेची धावपटू फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर हिनं १९८८ साली १०० मीटर १०.४९ सेकंदांत काढले. लांब मोकळे केस ही तर तिची ओळख होती. तो विक्रम आजही उभा आहे.

दुसरं उदाहरण हल्ली हमखास दिलं जातं ते विनेश फोगटचं. ऑगस्ट २०२४, पॅरिस, ५० किलो गट, सकाळच्या वजनात १०० ग्रॅम जास्त. रात्रभर घाम गाळला, केससुद्धा कापले, तरी बसलं नाही. यातून "कुस्तीत केस कापावेच लागतात" असा अर्थ काढणाऱ्यांना आमचं म्हणणं इतकंच की ती वजनाच्या काट्यासमोरची शेवटची धडपड होती. आपल्या आखाड्यात चौदा वर्षांच्या मुलीला भरती करताना त्याचा संबंध नाही.

कुस्तीत केस बांधण्याची पद्धत मात्र वेगळी हवी. एकच वेणी पाठीखाली येते, चितपट होताना स्वतःच्याच वेणीवर पडून मान मुरगळते. तिथे दोन सागरवेण्या घालाव्यात, कपाळापासून कवटीला धरून मागे नेलेल्या, आणि मानेपाशी दोन्ही टोकं एका कापडी रबरात. धातूची एकही वस्तू नको. केस ओढणं नियमानं बंदच आहे, पण डाव भिडल्यावर चुकून बोटं अडकतात. घट्ट सागरवेणीत बोट शिरत नाही. लाल मातीच्या आखाड्यात तेल, ताक, हळद, लिंबू पडलेलं असतं. ती माती केसांत गेली की लगेच पाणी ओतू नये, चिखल होऊन बसतो. वाळू द्यावी, रुंद दातांच्या कंगव्यानं झाडावी, मग धुवावं. मॅटवर हा त्रास नाही, तिथे फक्त घाम.

कबड्डीत चढाई करणारीला हात, पाय किंवा धडाव्यतिरिक्त दुसरीकडे जाणूनबुजून धरलं तर ती बाद होत नाही. म्हणजे केस धरून पकड झाली तर पंचांनी ती रद्द करायची आहे, मुलीला "केस का वाढवलेस" असं सुनवायचं नाही. शिवाय अंगाला तेल लावून उतरायला बंदी आहे, आणि सकाळी चोपडलेलं खोबरेल दुपारपर्यंत मानेवर, दंडावर ओघळतं. तेल आदल्या दिवशी लावून धुवावं, सामन्याच्या सकाळी नको. सायकलवरही तेच: तेल आणि घाम मिळून डोळ्यांत उतरले की चढावर आग होते आणि नेमका एक हात हँडलवरून सुटतो. खो-खोत लांब वेणीचा फटका शेजारी बसलेलीच्या डोळ्याला बसतो, ती पाठीवर टी-शर्टात टाकली की झालं.

कापलेल्या केसांनाही व्यवस्था लागते, हे कुणी सांगत नाही. बॉबकट ही खेळासाठी सगळ्यांत गैरसोयीची लांबी. बांधता येत नाही इतके आखूड आणि डोळ्यांत येतात इतके लांब. "केस काप" म्हटल्यावर घरचे तडजोड म्हणून नेमका तोच करून आणतात! मग मुलगी दर दहा पावलांना बट कानामागे सारते. कापायचेच असतील तर कानाच्या वर, अगदी बारीक. नाहीतर मानेपाशी रबर बसेल इतके तरी राहू द्यावेत. बारीक केसांतून घाम थेट कपाळावर येतो, म्हणून हेल्मेटखाली पातळ सुती टोपी किंवा पट्टी घालावी. डोकं झाकणाऱ्या मुलींसाठीही हीच सोय करता येते: अंगासरशी बसणारी पातळ टोपी, पिन न लावता, टोकं आत खोचून.

आणि कापण्याआधी हिशोब सांगावा. केस महिन्याला एक ते सव्वा सें.मी. वाढतात. आठवीत बारीक कापलेले केस कमरेला यायला सुमारे पाच वर्षं, म्हणजे एसएसएलसी (दहावी) होऊन पी.यू. (बारावी) संपेपर्यंत. ज्या मुलीला ते मनापासून हवंय तिला काहीच वाटणार नाही. मैदानात उभी राहिली की तिला हायसंच वाटतं. पण जी "संघात घ्यायचं तर काप" म्हणून रडत कापून येते, ती त्या पाच वर्षांत खेळ सोडून देण्याचीच शक्यता जास्त. दुसऱ्या बाजूला, जी हौसेनं बॉयकट करते तिला "काय भाऊ" म्हणून हाका मारणारे आपल्याच मैदानावर असतात, कधी शिट्टी गळ्यात असलेलेही. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना लांब केस बांधून खेळते. एकदिवसीय क्रिकेटमध्ये २५५ बळी घेणारी झुलन गोस्वामी आखूड केसांत खेळली. कोण जास्त बाई आणि कोण जास्त खेळाडू, हे ठरवायला त्यांच्या केसांकडे कुणी बघत बसलं नाही.

वसतिगृहांची अडचण खरी आहे, ती आम्ही झटकत नाही. पहाटेचा सराव, मोजक्या न्हाणीघरांसमोर रांग, टँकरचं पाणी. लांब केस धुवायला जास्त पाणी लागतं आणि वाळायला तीन-चार तास. तिथे मुलींशी बोलून, घरच्यांच्या संमतीनं काही ठरवावं. पण उवांसाठी सरसकट केस कापणं म्हणजे जखम पायाला आणि मलम शेंडीला. उवा लिखा घालतात त्या टाळूपासून अर्ध्या सें.मी.च्या आसपास, खांद्यापर्यंत कापून त्यांना काहीच होत नाही. डॉक्टरांच्या किंवा औषध दुकानदाराच्या सल्ल्यानं एक टक्का परमेथ्रिनचं लोशन, लेबलवर दिलेल्या वेळेइतकं, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा. दुसऱ्यांदा लावायचं राहिलं की लिखा फुटून सगळं पहिल्यापासून. ओल्या केसांवर बारीक फणी एक दिवसाआड. खोलीतल्या सगळ्या मुलींना एकाच दिवशी, नाहीतर एकीच्या दुसरीकडे. सामाईक हेल्मेटं असतील तर प्रत्येकीची आपली सुती टोपी, आणि आतल्या गाद्या आठवड्याला काढून साबणानं धुवायच्या.

पावसाचं वेगळं सांगावं लागेल. कणकुंबी-जांबोटीकडून येणाऱ्या मुलीची वेणी जून ते सप्टेंबर कधी वाळतच नाही. ओली वेणी दिवसभर घट्ट राहिली की टाळूला खाज, कोंडा, वास. ओला केस ताणला की तुटतोही लवकर. आणि रोज कपाळावरून करकचून ओढलेल्या वेणीमुळे कानशिलांवरचे केस विरळ होत जातात, हे वेळीच थांबवलं नाही तर परत येत नाहीत. शाळेत आल्यावर पंधरा मिनिटं वेणी सोडून, पंच्यानं टिपून, केस मोकळे ठेवू द्यावेत. "मोकळे केस चालणार नाहीत" हा नियम तेवढ्यापुरता बाजूला ठेवला तर शिस्त बुडणार नाही. रेनकोटची टोपी हेल्मेटच्या वरून ओढू देऊ नका, बाजूचं दिसत नाही आणि मागून येणारा ट्रॅक्टर ऐकूही येत नाही.

शेवटचा विषय नाजूक आहे. सौंदत्तीचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात आहे. केसांत जट दिसली की यल्लम्मानं बोलावलं असं मानून मुलगी देवीला सोडण्याची चाल इथे होती. ती बंद करणारा कायदा कर्नाटकात १९८२ साली झाला. जट होते ती तेल, धूळ, घाम आणि फणी न लागल्यामुळे. खेळणाऱ्या मुलीच्या डोक्यात हे चारही एकत्र येतात. क्रीडाशिक्षिकेला मानेपाशी गुंता घट्ट होताना दिसला तर मैदानात चारचौघींसमोर बोलू नये, कात्री तर मुळीच काढू नये. नवा गुंता खोबरेल लावून टोकाकडून वर, बोटांनी, दोन-तीन दिवसांत सुटतो. नमद्यासारखा झाला असेल तर मुलीच्या आईशी आणि गावच्या आशाताईंशी शांतपणे बोलावं. "देवीचं आहे, हात लावू नका" आणि "मुलीला सोडायचंय" ही दोन वाक्यं एकत्र ऐकू आली तर मात्र १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, त्याच दिवशी.

आमची मागणी छोटी आहे. प्रवेश अर्जावर एक ओळ छापा: "केस मानेपाशी बांधलेले असावेत, धातू वा कडक प्लॅस्टिकची वस्तू केसांत नसावी, हेल्मेट असल्यास ते भुवयांच्या वर दोन बोटांवर बसावे, केसांच्या लांबीची अट नाही." कन्नड आणि मराठी, दोन्हींत छापा. अर्ज कुठल्या भाषेत असावा हा आपला जुना वाद आहे, तो इथे काढत नाही, पण ही ओळ मुलीच्या आईला वाचता आली पाहिजे. खेळाच्या तासाला दुमडलेल्या वेण्यांची सक्ती उठवा. आणि प्रथमोपचाराच्या पेटीशेजारी एक डबा ठेवा: वीस कापडी रबर, रुंद दातांचे दोन कंगवे, बोथट टोकाची कात्री, चार सुती टोप्या. सोबत एक आरसा, मुलींच्या खोलीत भिंतीला अडकवायचा. हेल्मेट सरळ बसलंय की नाही हे घालणारीला त्याच्याशिवाय कळत नाही, आणि बऱ्याच शाळांत तो फक्त मुख्याध्यापकांच्या खोलीत असतो.

आपले,
बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरात मुलींना खेळ शिकवणारे